'वाटप करण्यात आले': मदतीच्या मराठीत कर्ता कुठे जातो?

जून महिन्यात विक्रोळी स्टेशनवरून पश्चिमेला पार्कसाइटपर्यंत चालत गेलात, तर वाटेत चार-पाच फ्लेक्स तरी दिसतीलच. मजकूर सगळ्यांवर जवळपास सारखा: 'विभागातील गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना मोफत वह्या वाटप', त्याखाली 'शुभहस्ते', त्याखाली मोठ्या अक्षरात एक नाव आणि त्याहून मोठा एक चेहरा. दोन दिवसांनी एरियाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो येतो. एका वहीला एका बाजूने मुलाचा हात आणि दुसऱ्या बाजूने पाच मोठ्यांचे हात. खाली एक ओळ: 'गरजू विद्यार्थ्यांना शालेय साहित्याचे वाटप करण्यात आले.'

हा लेख म्हणजे त्या ओळीची समीक्षा आहे. समीक्षा कविता-कादंबरीची करतात, फ्लेक्सची कोण करतं, असं वाटेल. पण आपल्यापैकी बहुतेकांनी या वर्षात जितक्या कविता वाचल्या, त्याच्या कितीतरी पट मदतीची आवाहनं आणि मदतीच्या बातम्या वाचल्यात. फीडमध्ये, यूट्यूबच्या जाहिरातीत, ऑफिसच्या मेलमध्ये, सोसायटीच्या लिफ्टमध्ये. हा आपल्या काळातला सगळ्यात खपाचा वाङ्मयप्रकार असेल, तर तो कसा लिहिला जातो ते बघायला हरकत नाही.

शाळेत आपण कर्तरी, कर्मणी, भावे शिकलो आणि दहावीचा पेपर झाल्यावर विसरलो. 'करण्यात आले' हा त्या कर्मणीचाच सरकारी नातेवाईक. त्याचं मुख्य काम एकच, वाक्यातला कर्ता गायब करणं. वाटप झालं. कुणी केलं? पैसे कुणाचे? आणि मुळात वह्या कमी का पडल्या? यातलं काहीच वाक्यात नाही. गंमत म्हणजे कर्ता गेला तरी 'हस्ते' राहतो. माणूस गेला आणि हात उरले.

आता हीच ओळ मुंबईत वाचू. मुंबई महापालिका आपल्या शाळांतल्या मुलांना गणवेश, दप्तर, वह्या, बूट अशा 27 शालोपयोगी वस्तू मोफत देते. ही योजना दीड दशकाहून जुनी आहे. म्हणजे महापालिका शाळेत जाणाऱ्या मुलाच्या वहीची जबाबदारी कागदावर तरी घेतलेली आहे. या वस्तू शाळा सुरू झाल्यावरही पोचल्या नाहीत, अशा बातम्या अनेक वर्षी आल्या आहेत. मग फ्लेक्सवरच्या त्या वहीचा अर्थ बदलतो. ती कधी खरंच जास्तीची वही असते, तर कधी उशिरा येणाऱ्या वहीच्या जागी आलेली असते. दोन्ही वेळा मुलाला वही मिळाली हे चांगलंच. पण दुसऱ्या वेळी एक प्रश्न विचारायचा होता आणि तो वहीच्या कव्हरखाली झाकला गेला.

वही वाटणाऱ्यांना नावं ठेवायचा माझा विचार नाही. डोंगरावरच्या घरात जिथे महिन्याचा हिशोब पहिल्या आठवड्यातच संपतो, तिथे सहा वह्या म्हणजे सहा वह्या असतात. माझं म्हणणं वाक्याबद्दल आहे. मदतीचं वाक्य कसं रचलंय, त्यावर पुढचा पैसा कुठे जाणार आणि पुढचा प्रश्न कुणाला विचारला जाणार, हे ठरतं. म्हणून ते वाक्य तपासायचं.

दरड कोसळते, मदत जाहीर होते

18 जुलै 2021. रविवारची पहाट. रात्रभर धो धो पाऊस. विक्रोळी पश्चिमेच्या सूर्यानगरात डोंगर घसरून घरांवर आला. त्याच पहाटे चेंबूरच्या भारतनगरमध्ये भिंत कोसळली. दोन्हीकडे मिळून 25हून जास्त माणसं गेली. त्यात मुलं होती.

त्या आठवड्यातलं मराठी आठवून बघा. 'दरड कोसळली.' 'मृतांच्या वारसांना मदत जाहीर करण्यात आली.' राज्य सरकारचे 5 लाख, पंतप्रधान मदत निधीतून 2 लाख. पहिल्या वाक्यात कर्ता आहे, पण तो डोंगर आहे. दुसऱ्यात कर्ता नाहीच. म्हणजे संकट निसर्गाने आणलं आणि मदत आपोआप आली. या दोन वाक्यांच्या मधली सगळी माणसं गळून पडली. ही जमीन कुणाच्या ताब्यात? संरक्षक भिंत कुणी बांधायची, किती उंच? इथली घरं धोकादायक आहेत हे कुणाला माहीत होतं आणि कधीपासून? हलवायचं तर कुठे? यातला प्रत्येक प्रश्न कुठल्या ना कुठल्या कार्यालयाच्या टेबलावरचा. पण व्याकरणाने त्या टेबलांना सुट्टी दिली.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे 'गिट ब्लेम' नावाची एक सोय असते. कोडची कुठलीही ओळ निवडा, ती शेवटची कुणी बदलली आणि कधी, हे दिसतं. नाव भांडखोर असलं तरी तिचा चांगला वापर कुणाला फासावर चढवायला होत नाही. ही ओळ अशी का आहे, ते कुणाला जाऊन विचारायचं, एवढं कळावं म्हणून ती वापरायची. मदतीच्या मराठीला अशी सोय लावली, तर बहुतेक ओळींपुढे जागा रिकामी येईल.

स्किप ॲड

फ्लेक्स गल्लीतला झाला. आता खिशातलं आवाहन बघू. क्राउडफंडिंगच्या त्या जाहिराती तुम्ही पाहिल्याच असतील. गाणं सुरू होण्याआधी पाच सेकंद स्क्रीनवर एक मूल, नाकात नळी, शेजारी आई. आई थेट कॅमेऱ्याकडे बघून बोलते. खाली आकडा, त्याखाली पट्टी थोडी भरलेली, त्याखाली बटण. व्हॉइसओव्हर सांगतो की आता फक्त तुम्हीच या बाळाला वाचवू शकता.

इथे कर्मणी नाही. इथे कर्ता आहे आणि तो ठसठशीत आहे: 'तुम्ही'. फ्लेक्सने कर्ता लपवला, जाहिरातीने तो थेट तुमच्या गळ्यात मारला. वरवर ही उलट रचना वाटते, पण दोन्हींचा परिणाम एकच. मूल आहे आणि तुम्ही आहात. मधे कुणीच नाही. त्या मुलाचा बाप काय काम करतो, त्याला कामावर आरोग्य विमा का नाही, सरकारी रुग्णालयात हे उपचार मिळतात की नाही, खाजगी रुग्णालयाच्या बिलातला कुठला आकडा कशाचा, सरकारी योजनेचं कार्ड होतं तर ते कुठे अडलं, हे सगळं पटकथेतून कापलेलं असतं. विक्रोळीतला माणूस रात्री पोराला घेऊन राजावाडीला किंवा सायनला धावतो तेव्हा या सगळ्या मधल्या पात्रांशीच त्याची गाठ पडते. केसपेपरची रांग, वॉर्डबॉय, 'हे औषध बाहेरून आणा' म्हणणारी चिठ्ठी. पोस्ट केलेल्या व्हिडिओत यातलं कुणी नसतं.

हे कापलेलं परत जोडलं की काय होतं, याचं एक उदाहरण मुंबईतच आहे. 2021च्या सुरुवातीला एका दुर्मीळ जनुकीय आजाराच्या तान्ह्या मुलीसाठी परदेशातून 16 कोटी रुपयांचं औषध आणायचं होतं. हजारो लोकांनी पैसे दिले. पण औषधावरचा आयात शुल्क आणि कराचा बोजाच सुमारे 6 कोटींचा होता. तो केंद्र सरकारने माफ केला, कारण तो माफ करा अशी मागणी नेमक्या टेबलापर्यंत गेली. म्हणजे 'तुम्ही'च्या जोडीला वाक्यात दुसरा कर्ता आला, कर लावणारा. 6 कोटी रुपये गोळा करायला किती पाच सेकंदांच्या जाहिराती लागल्या असत्या, याचा हिशोब करून बघा.

ओतूरहून आलेलं पत्र

यावर कुणी म्हणेल, मदतीचं लिखाण असंच असतं. भूक सांगायची, हात पसरायचे. कारणं सांगत बसलं तर तो अग्रलेख होतो.

म्हणून एक जुना मजकूर बघू. 20 एप्रिल 1877. जुन्नर तालुक्यातलं ओतूर. तिथून सावित्रीबाई फुल्यांनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयात ते छापलेलं आहे. 1876चा दुष्काळ अजून हटलेला नाही आणि सावित्रीबाई मदतकार्यावर आहेत.

पत्राचा पहिला भाग आजच्या कुठल्याही आवाहनात बसेल इतका भयंकर आहे. माणसं मरतायत, जनावरं मरतायत, नद्या-ओढे आटलेत, लोक पोटची मुलं विकून गाव सोडतायत, नको ते खाऊन-पिऊन जगू बघतायत. आजचा कॉपीरायटर इथे थांबला असता आणि खाली बटण लावलं असतं.

सावित्रीबाई थांबत नाहीत. पुढच्या भागात माणसं येतात. सत्यशोधकांनी समित्या आणि पथकं केलीत, हे येतं. त्या ज्यांच्याकडे उतरल्या आहेत त्या नवरा-बायकोची नावं येतात. सोबत फिरून पैशांची मदत करणाऱ्यांची नावं येतात. मग सावकार येतो, जो या दुष्काळात हात धुऊन घेतोय. दंगे येतात. कलेक्टर येतो, गोरे पोलीस येतात. पोलीस 50 सत्यशोधकांना पकडतात. सावित्रीबाई कलेक्टरला भेटून विचारतात की चांगलं काम करणाऱ्यांना खोट्या आरोपांवर का धरलंत. तो त्यांना सोडायला लावतो आणि चार बैलगाड्या ज्वारी पाठवतो.

छोटंच पत्र आहे. पण त्यात प्रत्येक क्रियापदाला मालक आहे. लुबाडलं सावकाराने. पकडलं पोलिसांनी. विचारलं सावित्रीने. सोडवलं कलेक्टरने. ज्वारी नुसती 'आली' नाही, कुणीतरी पाठवली आणि ती पाठवावी म्हणून कुणीतरी जाऊन बोललं. चार गाड्या हा आकडासुद्धा बघा. 'मोठ्या प्रमाणावर धान्य' असं त्या लिहीत नाहीत. पुण्यात बसलेल्या कुणीही मोजून खात्री करावी असा आकडा देतात.

आणखी एक गोष्ट. कलेक्टर सभ्य होता, हेही पत्रात आहे. कर्ता शोधायचा म्हणजे खलनायक शोधायचा असं नसतं, हे या एका तपशिलातून कळतं. सत्तेतल्या माणसाने बरं केलं तर तेही त्याच्या नावावर जमा.

त्या काळात सरकारचं मराठी आणि सरकारचं इंग्रजी काय करत होतं? 1877च्या सुरुवातीला सर रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी उतरवून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली. तोच टेंपल त्याच वर्षी मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झाला. माणूस एक पौंडावर जगू शकतो का, हा प्रयोगच होता. कमी मजुरीविरुद्ध लोकांनी कामं सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारशी वाद घातला. म्हणजे एकीकडे अन्नछत्रं चालली होती आणि दुसरीकडे 'हा एक पौंड कुणी ठरवला?' हा प्रश्नही विचारला जात होता. मे 1877 मध्ये जोतीरावांनी धनकवडीच्या व्हिक्टोरिया बालाश्रमासाठी मदतीचं जाहीर आवाहन केलं. फुले दांपत्याला आवाहन वर्ज्य नव्हतं. त्यांनी झोळी पसरली, पण झोळी पसरताना सावकाराचं नाव गिळलं नाही.

हे पत्र मराठी शाळेतल्या प्रत्येक पुस्तकात नाही, पण मदतीच्या गद्याची इयत्ता ठरवायची असेल तर माझ्या दृष्टीने मोजपट्टी हीच आहे.

माई आणि शेण

1877 नंतर आपण ही मोजपट्टी का हरवली? एक कारण म्हणजे मराठी मनाला मदतीची गोष्ट नात्यात सांगितलेली आवडते. बाबा, ताई, भाऊ, माई. एक माणूस, त्याचा त्याग आणि त्याच्या सावलीत शेकडो मुलं. नातं आलं की हिशोब विचारणं उद्धटपणाचं वाटायला लागतं.

अनंत महादेवन यांचा 'मी सिंधुताई सपकाळ' हा 2010चा चित्रपट घ्या. तेजस्विनी पंडितचं काम अजूनही अंगावर येतं. चित्रपटाची चौकट अमेरिकेच्या प्रवासाची आहे. सिंधुताई परदेशातल्या मराठी लोकांसमोर बोलायला निघाल्यात आणि त्या वाटेवर त्यांचं आयुष्य उलगडतं. ही चौकट प्रामाणिक आहे, कारण माईंची गोष्ट खरोखरच भाषणांतून, देणाऱ्यांच्या पुढ्यात घडत गेली. पण त्याच चौकटीमुळे आपण, म्हणजे प्रेक्षक, पहिल्या रीळपासून सभागृहातल्या देणगीदारांच्या खुर्चीत बसतो. तिथून गोठा दिसतो, गाय दिसते, स्मशानात चितेवर भाजलेली भाकरी दिसते. डोळ्यांत पाणी येतं.

मात्र माईंच्या आयुष्याच्या गोष्टीत एक दुवा आहे, जो ती पुन्हा पुन्हा सांगताना बारीक होत जातो. वर्धा जिल्ह्यात तरुणपणी त्यांनी शेणावरून भांडण काढलं होतं. गावातल्या बायका राबून शेण गोळा करायच्या आणि त्याचा पैसा दुसऱ्यांच्या खिशात जायचा. सिंधुताईंनी मोबदला मागितला, प्रकरण कलेक्टरपर्यंत गेलं, बायकांच्या बाजूने निकाल लागला. दुखावलेल्या जमीनदाराने त्यांच्या चारित्र्याबद्दल अफवा उठवली. त्यातून नऊ महिन्यांची गरोदर बाई घराबाहेर फेकली गेली.

म्हणजे अनाथांची माय होण्याआधी त्या मजुरीसाठी उभ्या राहिलेल्या बाई होत्या आणि बेघर झाल्या त्या मजुरी मागितल्यामुळे. ओतूरच्या पत्रासारखाच इथेही कलेक्टर आहे, सावकाराच्या जागी जमीनदार आहे. पण आपण शाळेच्या स्टेजवर, वाढदिवसाच्या पोस्टवर, 4 जानेवारी 2022ला त्या गेल्यावरच्या श्रद्धांजलीत कोणती गोष्ट सांगितली? गायीची. शेणाच्या मजुरीची गोष्ट सांगितली तर ऐकणाऱ्यापुढे अवघड प्रश्न येतो: आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला आपण किती देतो? गायीची गोष्ट असं काही विचारत नाही.

बालसखीला किती मिळायचे?

आता विक्रोळीच्या शेजारी, कुर्ल्याला येऊ. 1995 साली 'प्रथम' ही संस्था मुंबईच्या वस्त्यांमध्ये बालवाड्या चालवत सुरू झाली. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे ही तिच्यामागची नावं. पुढे त्यांनी महापालिका शाळांत 'बालसखी' आणली. वस्तीतलीच, दहावी-बारावी शिकलेली मुलगी. तिला दोनेक आठवड्यांचं प्रशिक्षण. तिसरी-चौथीतली मागे पडलेली 15-20 मुलं ती रोज दोन तास बाजूला घेणार. वर्ग रिकामा नसेल तर व्हरांड्यात बसणार आणि अक्षरओळख, बेरीज-वजाबाकी असं अगदी पायाचं शिकवणार.

2001 ते 2003 या काळात मुंबईच्या एल वॉर्डातल्या आणि बडोद्याच्या शाळांमध्ये याचा नीट अभ्यास झाला. काही वर्गांना बालसखी दिली, काहींना नाही आणि फरक मोजला. पहिल्या वर्षी सरासरी गुण 0.14 आणि दुसऱ्या वर्षी 0.28 प्रमाण विचलनाने वाढले. इंजिनियरिंगची एम-थ्री विसरला असाल तर साधं सांगतो: 0.28 म्हणजे शंभर मुलांत बरोबर मध्यावर असलेलं मूल साधारण एकसष्टाव्या जागी जाईल एवढी झेप. फायदा मुख्यतः मागच्या मुलांना झाला. कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने त्यातला थोडाच भाग, सुमारे 0.10, शिल्लक राहिला होता. हा निबंध 2007 साली प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना 2019 मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

त्या काळात बालसखीला महिन्याला 500 ते 750 रुपये मिळायचे. हा आकडा निबंधात आहे आणि कार्यक्रम किती स्वस्त पडतो, हे दाखवायला आहे. संशोधनासाठी तो तपशील आवश्यकच होता. पण 2019च्या ऑक्टोबरमध्ये आपण सगळ्यांनी अभिमानाने पोस्टी टाकल्या, बॅनर्जींचा जन्म मुंबईचा म्हणून कॉलर ताठ केली, तेव्हा त्या गोष्टीतला शिकवणारा कर्ता कुठे होता? कुर्ल्याच्या व्हरांड्यात बसून मुलाला 'क' आणि 'फ'मधला फरक कुणी दाखवला? संशोधक मोजत होते, संस्था चालवत होती, शिकवत होती ती मुलगी. तिला स्वस्तात मिळणं हे तिच्या कामाचं यश म्हणून वाचलं गेलं.

इथे मराठीने एक शब्द हजर ठेवलेला आहे: मानधन. पगार म्हटलं की नोकरी आली, नोकरी म्हटली की हक्क आले. मानधन म्हटलं की मान आला आणि धन आपोआप कमी झालं. अंगणवाडी सेविकांचंही तेच. 1975 पासून देशातल्या गरीब घरांतल्या लहान मुलांचं वजन, खाणं, लसीकरण या बायका सांभाळतात आणि इतकी वर्षं त्यांना मानधनी म्हटलं जातं. 2022च्या एप्रिलमध्ये त्या ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. त्यानंतरही 2023च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या सेविका संपावर गेल्या आणि तो संप पन्नासहून जास्त दिवस चालला. त्या संपात गरीब मुलांबद्दलच्या वाक्याचा कर्ता स्वतःच रस्त्यावर येऊन ओरडत होता. आपण 'बालकांचे हाल' एवढंच वाचलं.

'प्रथम'नेच 2005 पासून सुरू केलेल्या 'असर' अहवालाचं वाक्यही याच दृष्टीने वाचून बघा. पाचवीतल्या साधारण निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही. अहवाल महत्त्वाचा आहे. घरोघर जाऊन अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांवर मूल कुठे आहे, ते बघण्याची त्याची पद्धत मला अजूनही देखणी वाटते. पण 'मुलांना येत नाही' या रचनेत न येण्याचं सगळं ओझं मुलाच्या डोक्यावर जातं. 'पाच वर्षांत निम्म्या मुलांना आपण वाचायला शिकवलं नाही' हे वाक्य त्याच आकड्यांचं आहे. फरक एवढाच की त्यात 'आपण' आहे.

पण कारणं सांगितली तर पैसे कोण देणार?

या सगळ्यावरचा सगळ्यात दमदार आक्षेप मानसशास्त्रातून येतो आणि तो टाळून चालणार नाही. 2007च्या एका अमेरिकी प्रयोगात लोकांच्या हातात 5 डॉलर दिले आणि त्यातले आफ्रिकेतल्या भुकेसाठी द्याल का, असं विचारलं. एका गटाला मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची गोष्ट आणि फोटो दाखवला. दुसऱ्याला फक्त आकडेवारी. रोकियाला सरासरी 2.38 डॉलर मिळाले, आकडेवारीला 1.14. दोन्ही एकत्र दाखवलं तर 1.43. म्हणजे रोकियाच्या शेजारी आकडे ठेवले की रोकियाचेही पैसे कमी झाले. जगभरच्या संस्थांनी यातून धडा घेतला: एक मूल, एक चेहरा, बाकी काही नको.

पण या प्रयोगात दोनच प्रकारचा मजकूर होता. एकटं मूल किंवा बिनचेहऱ्याचे आकडे. ओतूरच्या पत्राचा तिसरा प्रकार त्यात तपासलाच नाही: मूल, त्याच्यासाठी झटणारी बाई, त्याला लुबाडणारा सावकार आणि चार गाड्या ज्वारी. त्यात आकडा आहे, पण तो गोष्टीच्या आत आहे. त्यात कारण आहे, पण त्या कारणाला चेहरा आहे. कारण सांगणं म्हणजे तक्ता टाकणं, हे समीकरण आळशी लेखकांनी केलंय. कथा वाचणाऱ्या कुणालाही माहीत असतं की खलनायक, मदतनीस आणि अडचण असलेली गोष्ट नुसत्या रडणाऱ्या चेहऱ्यापेक्षा जास्त काळ लक्षात राहते. स्किप बटण दाबल्यावर तो चेहरा कुणाला आठवतो?

जाता जाता ऑफिसांतल्या मदतीबद्दल. 2013च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. म्हणून आपण शनिवारी एकसारखे टीशर्ट घालून शाळेची भिंत रंगवायला जातो. एका ठिकाणी अशा उपक्रमाचा ऑनलाइन फॉर्म मी भरला. त्यात 'लाभार्थी संख्या' हा रकाना अनिवार्य होता, तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता. गरज कशामुळे निर्माण झाली, हे लिहायला रकानाच नव्हता. फॉर्म बनवणं माझ्या धंद्यातलं काम आहे, म्हणून सांगतो: ज्या गोष्टीचा रकाना नसतो ती गोष्ट डेटाबेसच्या दृष्टीने घडलेलीच नसते. 'करण्यात आले' या व्याकरणाची ही डिजिटल आवृत्ती आहे.

मग वाचायचं कसं?

मदतीचं कुठलंही आवाहन समोर आलं की मी आता त्यात तीन माणसं शोधतो. पहिला, जो रोज हे काम करतो आणि त्याला त्याचे किती मिळतात. दुसरा, ज्याने हे करायला हवं होतं आणि केलं नाही. तिसरं ते मूल, पण रडताना नाही, काहीतरी करताना. तिघांपैकी दोन जरी सापडले तरी आवाहन वाचनीय असतं आणि माझा अनुभव असा की अशा संस्थेला हिशोब विचारला तर तो मिळतोही. तिघेही नसतील आणि फक्त 'तुम्ही' असाल, तर पैसे द्यायचे की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, पण निदान एक ईमेल लिहा. विचारा की तुमच्या ताईंना पगार आहे की मानधन.

आणि लिहिणारे असाल, मंडळाची पोस्ट तुमच्याकडे असेल, ट्रस्टचं इन्स्टा तुम्ही चालवत असाल, तर एक छोटा प्रयोग करून बघा. 'शालेय साहित्याचे वाटप करण्यात आले' याऐवजी जे घडलं ते लिहा. समजा असं: 'महापालिकेच्या वह्या शाळेत अजून आल्या नाहीत. म्हणून मंडळातल्या 14 जणांनी वर्गणी काढून 90 मुलांना प्रत्येकी चार वह्या दिल्या. वह्या कधी येणार असं विचारणारं पत्र 30 पालकांनी सोमवारी वॉर्ड ऑफिसात दिलं.' तीन वाक्यं. एकही विशेषण नाही, 'होतकरू' नाही, 'शुभहस्ते' नाही. तरी ते वाचून विभागातल्या एखाद्या माणसाला वाटेल की पुढच्या सोमवारी आपणही वॉर्ड ऑफिसात जाऊ.

सावित्रीबाईंच्या पत्राच्या शेवटी असंच काहीसं आहे. जोतीरावांनी सुरू केलेल्या कामातला आपला वाटा आपणही उचलणार, असं त्या सांगतात. 'वाटप' आणि 'वाटा' एकाच घरातले शब्द. वाटपात आपल्याला फोटो मिळतो, वाट्यात काम मिळतं.